एक कोटी बारा लाख

माझा धंदा थंडाव्याचा.
देवगडच्या जेटीवर एकवीस वर्षं बर्फाच्या फॅक्टरीत,
अमोनियाचा वास अंगाला लावून घरी येतो.
प्रोसेसर तापतो म्हणजे काय, हे मला कुणी सांगू नये.

तरी पहिला चुकलाच.
सोळा कोअरचा घेतला, कोल्हापूरहून एसटीने मांडीवर आणला.
वाटलं, जितके हात तितकं काम.
रापण ओढायला चाळीस माणसं लागतात, खरं आहे;
फिल्टर तसाच ओढला जातो, खांद्याला खांदा लावून.
पण त्याच्या पुढचा हिशेब, जिथे प्रत्येक ठिपका
मागच्या ठिपक्याची चूक पोटात घेऊन ठरतो,
तो वाटून देता येत नाही.
सुकाणूवर एकच माणूस.
डाव्या कानाला एक, उजव्या कानाला एक,
बाकी चौदा वाळूत बसून तंबाखू मळतात.

विकला. मग आठच कोअरचा, पण चपळ.

सीडीवर सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर ठिपके.
मला हवे होते
एक कोटी बारा लाख एकोणनव्वद हजार सहाशे.
केबलवाला आग्नेल म्हणाला,
मधले ठिपके हाडतलंस खयसून? सासऱ्याकडसून?
मी म्हटलं, नवीन काही येत नाही रे.
दोन बोयांच्या मधे दोर पाण्याखाली असतोच,
तो कसा वळलाय तेवढं काढायचं.
त्याला पटलं नाही. पण उरलेली फायबर त्यानेच दिली, फुकट.

मग रात्री.
व्होल्टेज उतरवत गेलो, एक पूर्णांक एकतीस,
पंचवीस, वीस,
अठरावर मशीन मेलं. वीसवर परत जगलं.
तापमान चौऱ्याण्णववरून अडुसष्ट.
पंखा काढून टाकला; खाऱ्या वाऱ्यात त्याचं बेअरिंग
दुसऱ्या वर्षी किरकिरतंच.
त्या जागी तांब्याच्या नळ्या, जाड पाती,
आणि तांबं हिरवं पडू नये म्हणून
दर अमावास्येला कापडाने पुसणं. बायको म्हणते, पूजा.
मशीन जाळ्यांच्या खोपीत ठेवलं,
खोपीपासून माझ्या खुर्चीपर्यंत काचेचा धागा,
कारण तारेतून वीज आपली कुरकूरही घेऊन येते.

एवढं करून संध्याकाळी साडेसहाला आवाज तुटायचा.
रोज. रविवार सोडून.
मेमरी बदलली, ड्रायव्हर बदलले, मुंबईच्या एका शहाण्याला
फोनवर दीडशे प्रश्न विचारले.
रविवार सोडून, हे कुणी ऐकलंच नाही, मीसुद्धा.
साडेसहाला ट्रॉलर लागतात,
बर्फ फोडायचं मशीन सुरू होतं,
लाइन एकशे ऐंशीवर बसते.
संध्याकाळच्या पोराला ते बटण दाबायला मीच शिकवलेलं.
स्टॅबिलायझर आणला. सतरा किलो.

हे सगळं एका सीडीसाठी.
अठ्ठ्याण्णव साल, देवळाचा नगारखाना,
उसना माइक, सोनू देवळीची सनई, बावन्न मिनिटं.

सोनू आता एक्याऐंशी. पायरी चढताना मीच हात दिला.
खुर्चीत बसला, डोळे मिटले नाहीत,
समोरच्या कॅलेंडरकडे बघत ऐकत राहिला.
पहिला आलाप संपल्यावर म्हणाला,
ह्यो मी न्हय. ह्येचो दम लांब आसा.
मी म्हटलं, तूच रे.
म्हणाला, न्हय.

तिसऱ्या वेळेला सूर थांबला
आणि थांबल्याच्या आत काहीतरी टेकलं,
दगडावर धातू, हलकंच.
सोनूची मान वळली.
माका पाणी कोणी दिल्यान?

मी दिलं होतं.
तांब्या खाली ठेवल्याचा तो आवाज
इतकी वर्षं माझ्या कानांवरून जात होता
आणि मी सनई ऐकत होतो.

तेवढ्यात साडेसहा झाले.
घरातला दिवा पिवळा पडला, फ्रिज कण्हला.
सूर होता तिथेच राहिला.
सोनूने चहा मागितला, बिनसाखरेचा.